पाव लिटर तेल

टेंभुर्णी
१२ सप्टेंबर २०२४

मेहुणे तातेराव यांस राजानंदचा सप्रेम जयभीम,

तुमची बहीण शेजारी शेंगा फोडत बसली आहे आणि मी काय लिहितो यावर तिचा डोळा आहे. तेव्हा तिच्याविरुद्ध काही लिहिता येणार नाही.

तुमचे कान गेल्यापासून आपल्यात ही पत्रांची पद्धत पडली, ते एका परीनं बरंच झालं. पूर्वी फोनवर तुम्ही दोन वाक्यांत गप्प व्हायचात, पत्रात निदान रागावता तरी. मीही बत्तीस वर्षं शाळेत मुलांकडून पत्रलेखन घोटून घेतलं, पण खरं पत्र लिहायला निवृत्त व्हावं लागलं.

बातमी अशी की गाडी घेतली. पुण्याच्या एका डॉक्टरांची, बावीस वर्षांची, विलायती, लांबच्या प्रवासाची. म्हातारचळ म्हणा हवं तर. पण या गाडीला चेनच नाही! इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत पोलादी दांड्यानं जाते आणि तो दांडा बंद नळीत फिरतो. त्याला शाफ्ट म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. मागच्या चाकापाशी एक डबी आहे, तिच्यात पाव लिटर तेल. बस्स. ना चेन ताणायची, ना रॉकेलनं धुवायची. आमच्या जुन्या गाडीच्या चेननं बेबीची चार पातळं तेलकट केली आणि एकदा पदर ओढला तेव्हा दोघं कसे वाचलो ते तुम्हाला माहीत आहे.

नोव्हेंबरात आम्ही दोघं निघणार. नागपूरची दीक्षाभूमी, मग सारनाथ, बोधगया, कुशीनगर. आर्यन पुण्याहून रोज फोन करून 'पप्पा, ट्रेननं जा' म्हणतो. तुमची बहीण म्हणते, दादानं हो म्हटलं तरच मागं बसेन. माझ्या शब्दाला या घरात काही किंमत नाही. तेव्हा हो म्हणा.

तुमचा
राजानंद


जुना जालना
१९ सप्टेंबर २०२४

दाजी, जयभीम.

पेपर लिहून झाल्यावर तुम्ही अभ्यास विचारायला आलात. घेण्याआधी विचारलं असतं तर नको म्हणलो असतो.

चाळीस वर्षं झाले गाड्या खोलून राह्यलो. चेन ढिली झाली की खडखडते. सुकली की कुरकुरते. झिजली की स्पॉकेटच्या चक्रीचे दात वाकडे झालेले डोळ्यानं दिसतात. तुटली तरी झाडाखाली बसून एक कडी टाकली की माणूस घरी. माझे कान गेले, तरी चेनचं दुखणं मला नुसता हात लावून कळतं. चेन बोंबलत मरते, दाजी. शाफ्ट गुमान मरते.

अंबडच्या कल्याणनं बारा वर्षांमागं असलीच शाफ्टवाली आणली होती. लोण्यावाणी चालायची. एक दिवस भर दुपारी अंबड रोडला चालत्या गाडीचं मागचं चाक जाम झालं. तुम्ही ज्या डबीचं कौतुक लिहिलं तिच्यात एक मोठी बेरिंग असते, ती आतल्या आत फुटली होती. ब्रेक दाबला न्हाई, काही न्हाई, चाक एकदम उभं. डांबरावर दीडशे फूट काळी रेघ होती, मी जाऊन पाहून आलो. कल्याण वाचला. मागं त्याचा भाऊ बसला होता. त्याचं मी लिहीत न्हाई. तुमच्या मागं कोण बसणार हे ध्यानात घ्या म्हणजे झालं.

गाडी माझ्याकडं आणून ठेवा. न्हाई तर दोन कामं करा. गाडी मोठ्या स्टँडवर उभी करून मागचं चाक वर-खाली धरून हलवा. बिलकुल हलता कामा नये. आन् डबीतलं सगळं तेल काढून बाटलीत भरा आणि एसटीच्या पार्सलनं पाठवा. तेल कशाला पाहिजे ते विचारू नका. ज्याची त्याची उस्तादी असते.

तातेराव


टेंभुर्णी
३ ऑक्टोबर २०२४

तातेराव,

कल्याणची गोष्ट मी बेबीला वाचून दाखवली नाही. पत्र उशीखाली ठेवलं होतं, तिनं ते काढून वाचलं. दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. त्याबद्दल तुमचे आभार!

गाडी तुमच्याकडे आणणार नाही. तुमचा शाफ्टवरचा राग मला ठाऊक आहे. आठ दिवसांनी न्यायला येईन तेव्हा तिला चेन बसवलेली असेल. शिवाय डॉक्टर म्हणाले, ती डबी एकदा उघडली की तिची सीलं इथं मिळत नाहीत.

पण तुमची दोन्ही कामं केली. चाक धरून हलवलं. हलत नाही. तेल मी काल दुपारी डबीचं खालचं बूच खोलून बेबीच्या अॅल्युमिनियमच्या, तिच्या भाषेत जर्मनच्या, पातेल्यात काढलं आणि डबीत नवं भरलं. पातेलं घेतलं म्हणून बोलणी खाल्ली आणि एका लग्नाला निघून गेलो. बाटली बेबीनं आज भरली. तिनं तोंडाला प्लास्टिक लावून सुतळी अशी बांधली आहे की तुम्हाला सोडायला पाना लागेल. सोबत तिच्या हातची जवसाची चटणी आहे. दुपारच्या जालना गाडीच्या कंडक्टरकडे खोकं दिलं.

निकाल लवकर कळवा. इतकी धाकधूक मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती.

राजानंद


जुना जालना
१४ ऑक्टोबर २०२४

दाजी, जयभीम.

तेल पोचलं. चटणी संपली.

आता सांगतो मी काय बघत होतो. बेरिंग बिघडायला लागली की तिचे बारीक कण तेलात उतरतात. उन्हात धरलं की चमकी दिसते. माणूस मुका असला तरी त्याची थुंकी पाहून वैद्याला कळतं, तसं आहे. तुमचं तेल काचेच्या ग्लासात ओतलं, उन्हात धरलं, चुंबक फिरवलं. चुंबक जसं आत गेलं तसंच बाहेर आलं. एक कण लागला न्हाई.

मनात आलं ते लिहून टाकतो. बावीस वर्षांच्या गाडीचं एवढं साफ तेल मी जन्मात पाह्यलं न्हाई. नव्या गाडीत सुद्धा थोडा गाळ असतो. आठ दिवस ती बाटली फळीवर ठेवून येता-जाता बघत होतो. तुमची वहिनी म्हणली, तुम्हाला खोट सापडून न्हाई राह्यली याचंच दुःख आहे. मालनचं म्हणणं खरं बी असेल. साठीच्या मिस्त्रीला नवी चीज पटत न्हाई.

चाक हलत न्हाई, तेल साफ आहे. मंग मी कोणत्या तोंडानं नको म्हणू? जा. बेबीला सांगा, दादा हो म्हणला.

साठच्या वर पळवू नका. दर मुक्कामाला त्या डबीला हात लावून बघा. कोमट असली तर ठीक. हात टिकत नसला तर गाडी तिथंच उभी करायची आन् टेम्पोत घालायची. यात मास्तरकी नको.

तातेराव


टेंभुर्णी
१६ नोव्हेंबर २०२४

दादास बेबीचा जयभीम.

परवा निघतो. ह्यांनी नकाशावर लाल पेन्सिलीनं रस्ता काढला आणि पुन्हा पुसून काढला, असं चार वेळा केलं. मी दोन पातळं आणि एक स्वेटर घेतलं. बाकीची सगळी पेटी त्यांच्या हत्यारांनीच भरली.

खरं सांगू का, मला भेव वाटत होतं. ते कल्याणचं वाचल्यापासून मागं बसायचं नकोच वाटायचं. पण लहानपणी विहिरीत पोहायला तू शिकवलंस, तेव्हा तू 'उडी मार' म्हणलास की मी डोळे झाकून मारायची. तू कधी उगाच उडी मार म्हणला नाहीस. तू हो म्हणलास म्हणून बसते.

कुशीनगरहून तुला काय आणू? वहिनीला विचारून ठेव.

तुझी
बेबी


शिवनी, मध्य प्रदेश
२० नोव्हेंबर २०२४

तातेराव,

इथल्या लॉजच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. उन्हं उतरली आहेत. बेबी आत पाय शेकते आहे.

आधी चांगलं लिहितो. काल दीक्षाभूमीवर ती तासभर नुसती बसून होती. उठली तेव्हा म्हणाली, 'बाबा आले असते तर.' तुमच्या वडिलांची आठवण. आज नागपूर सोडल्यावर सागाचं जंगल लागलं. दोन्ही बाजूंनी झाडं, रस्ता मोकळा. तिनं माझ्या खांद्यावरचे हात काढले आणि दोन्हीकडं पसरले. मी आरशात पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, तातेराव. मला वाटलं, आपण या बाईला आयुष्यभर नुसतं स्वयंपाकघर दाखवलं. आता राहिलेली वर्षं तिला रस्ता दाखवायचा. असं मी तिला तोंडानं कधी म्हणणार नाही, म्हणून तुम्हाला लिहून ठेवतो.

आता दुसरं. तुम्ही रागवाल, पण लपवण्यात अर्थ नाही. सप्टेंबरात मी चाक हलवलं तेव्हा ते किंचित हललं होतं. केसभर. मला वाटलं, माझ्याच हाताचा भास. 'हलत नाही' असं लिहिलं.

डबीला रोज हात लावतो. अमरावतीत कोमट होती. नागपुरात चहाच्या कपाइतकी. आज पाच अंक मोजेपर्यंत हात टिकला. मागच्या रिमवर तेलाची पुसट ओल आहे. बेबी म्हणते, बसायच्या जागी आज दुपारपासून मुंग्या आल्यासारखं होतं. इथल्या एका मिस्त्रीला गाडी दाखवली. तो खाली वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि मग मला म्हणाला, 'इसका चेन किधर है?'

आणि एक. चहाला थांबलो तेव्हा तुमच्या चटणीचा विषय निघाला आणि बेबीनं सहज सांगितलं की ते तेल तिनं रात्रभर निवळू दिलं, वरचं निथळून घेतलं आणि तीनपदरी धोतराच्या फडक्यातून गाळून बाटलीत भरलं. 'माहेरी गढूळ कसं पाठवायचं?' म्हणाली. फडक्यावर चंदेरी चमक राहिली होती म्हणे. जर्मनच्या पातेल्याची असेल, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटतं. पातेल्याचीच असेल ना? हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत आम्ही सारनाथला असू, तेव्हा विचारून उपयोग नाही, तरी विचारतो.

तिला यातलं मी काही बोललो नाही. मी हसलो आणि चहाचे पैसे दिले. आपल्या हातून काही चुकलं असं तिच्या मनाला लागायला नको. तुम्हीही कधी बोलू नका.

इथून टेम्पो करायचा तर तिला कारण सांगावं लागेल. उद्या जबलपूर. दीडशेही किलोमीटर नाही. हळूहळू जाईन आणि तिथं मोठं गॅरेज गाठीन. पत्र सकाळी निघताना डब्यात टाकतो.

तुमचा
राजानंद


जुना जालना
३० नोव्हेंबर २०२४

चि. आर्यन,

मामाचा आशीर्वाद. हे पत्र वाचून फाडून टाक.

काल पोस्टमन तुझ्या पप्पांचं पत्र देऊन गेला. माणूस जाऊन आठ दिवस झाले आन् त्याचं अक्षर माझ्या हातात. अपघाताच्या आदल्या दिवशी शिवनीला लिहिलेलं आहे. ते वाचून मला समजलं की चाक का जाम झालं आणि मला आधी का समजलं न्हाई.

तुझ्या आईनं ते तेल गाळून पाठवलं होतं. बेरिंगचा चुरा फडक्यावर राह्यला आन् माझ्याकडं नुसतं पाणी आलं. तिचा काय दोष? मला उस्तादी दाखवायची होती. तेल कशाला पाहिजे ते मी सांगितलं न्हाई. 'गाळू नको' एवढे दोन शब्द लिहिले असते तर तुझे पप्पा आज असते. तेल साफ दिसलं तेव्हा बी माझ्या मनात आलं होतं. तरी हो म्हणलो.

तुझ्या पप्पांनी लिहिलंय की तिला कळू द्यायचं न्हाई. मांडीत सळई घालून पडलेली बाई, तिला हे कळलं तर ती उठणार न्हाई. मी माझ्या बहिणीला वळखतो. तिनं विचारलं तर मामाचं चुकलं म्हण. तेवढंच बोल. मला शिव्या दिल्यास तरी चालेल.

पत्र माझ्याजवळ आहे. जाळायला काडी पेटवली होती, हात झाला न्हाई.

तातेमामा


पुणे
२७ जानेवारी २०२५

दादास बेबीचा जयभीम.

परवा वॉकर धरून न्हाणीपर्यंत गेले. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात काठीवर चालशील.

तू टेंभुर्णीला माझ्या खाटेजवळ पाय धरून बसला होतास. तेव्हा मला औषधाची गुंगी होती. आता नाही. आता सगळं आठवतं. आम्ही हळूच चाललो होतो, दादा. सायकलवाला आमच्या पुढं गेला म्हणून मी हसले होते. मग मागून कुणी ओढून धरावं तसं झालं. मी नांगरटीत जाऊन पडले. ते गाडीबरोबर गेले, समोरून ट्रक आला.

तिकडच्या पोलिसांनी आर्यनला सांगितलं की बेरिंगचा भुगा झाला होता, आजचा नाही, फार दिवसांचा. आर्यन म्हणतो, मामाचं चुकलं. पण म्हणताना माझ्याकडं बघत नाही. दुसरंच काही तरी आहे असं मला वाटतं.

म्हणून तुला विचारते. ते तेल मी गाळून भरलं होतं. गढूळ होतं, माहेरी तसं पाठवायला जीव होईना. फडक्यावर चंदेरी राहिलं होतं, ते मी साबणानं धुऊन टाकलं. गाळल्यानं काही फरक पडतो का रे? दिवसभर दुसरं काही सुचत नाही. जेवायला बसले की तेच फडकं दिसतं. माझ्या हातून त्यांचा जीव गेला असेल तर तसं सांग. मला ऐकायचं आहे. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तू सांगशील ते खरं धरीन.

आणखी एक. शिवनीहून निघताना त्यांनी तुझ्या नावाचं पत्र डब्यात टाकलं, मी गाडीवर बसून पाहत होते. काय लिहिलं विचारलं तर म्हणाले, 'तुझ्या चहाड्या.' ते माझ्याकडं पाठव. त्यांच्या हातचं शेवटचं आहे. त्यात माझं नाव असलं आणि एकच ओळ असली तरी मला ती पुरेल.

बेबी


जुना जालना
६ फेब्रुवारी २०२५

बेबी,

नीट वाच आणि पुन्हा विचारू नको.

गाळल्यानं काही फरक पडत न्हाई. बेरिंगचा चुरा मैद्यावाणी बारीक असतो, धोतराच्या फडक्यातून आरपार जातो. तू फडक्यावर पाह्यलं ते जर्मनच्या पातेल्याचं. असल्या तेलानं जर्मन खरवडलं जातं, ते माझ्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

चुरा तेलात होता. बाटली आली त्या दिवशी दुकानात दसऱ्याची गर्दी होती. मी बाटली हलवून बघितली आन् फळीवर ठेवून दिली. चुंबक फिरवलं म्हणून लिहिलं, ते खोटं लिहिलं. फिरवलंच न्हाई. दाजींनी मागं लागून घाई केली, तू वाट बघत होतीस, मी हो लिहून मोकळा झालो. नोव्हेंबरात तुम्ही निघालात, मंग फिरवलं. तवा चुंबक काळं होऊन निघालं. फोन करायला पाहिजे होता. मला ऐकू येत न्हाई, दुसऱ्याच्या तोंडानं आपली चूक कशी सांगायची, मिस्त्री असून लाज वाटली. न्हाई केला.

आर्यन बोलतो ते बराबर आहे. तो तुझ्याकडं बघत न्हाई कारण मी तुझा भाऊ आहे आणि तुला वाईट वाटेल. दुसरं काही न्हाई.

तुझ्या हातून काही झालं न्हाई. जेवत जा. पायाचा व्यायाम चुकवू नको. माझ्याकडं यावं असं आता तुला वाटायचं न्हाई, मी बी बोलवणार न्हाई. मालन येऊन भेटून जाईल.

दाजींच्या पत्राचं म्हणशील तर मी जालन्याच्या पोस्टात दोन वेळा जाऊन विचारून आलो. शिवनीहून माझ्या नावाचं काही आलेलं न्हाई.

तातेराव